‘गिफ्ट’ म्हणजे भेट, विष की विवाहित? एकच शब्दरूप आणि इतके वेगळे अर्थ

प्रश्न | निवृत्त शिक्षक, आर्वी तालुका, जिल्हा वर्धा

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत असे. आता गावातील वाचनालयाचे काम पाहतो. आमच्या गावातील एक मुलगी परिचारिकेचा अभ्यासक्रम पूर्ण करून जर्मनीत नोकरीला जाण्याची तयारी करत आहे. त्यासाठी ती मोबाइलवरून जर्मन भाषा शिकते आणि घरी शांतता मिळत नाही म्हणून दुपारी वाचनालयात येऊन बसते. मागच्या आठवड्यात तिने वहीतून डोके वर काढले आणि मला सांगितले, “गुरुजी, जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष.” तिने थट्टा चालवली आहे असे मला वाटले, म्हणून मी शब्दकोश दाखवायला सांगितला. तेच अक्षर, तेच रूप, आणि समोर अर्थ ‘विष’. तिच्या शिक्षिकेने पुढे असेही सांगितले की स्वीडिश भाषेत हेच रूप ‘विवाहित’ या अर्थाने वापरतात. वाचनालयात बसलेल्या दोन-तीन मंडळींनी त्यावर जे विनोद केले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

मराठी आणि हिंदीतील असे शब्द मी वर्गात नेहमी सांगत असे. मराठीत ‘शिक्षा’ झाली की मूल रडते, आणि हिंदीत तीच ‘शिक्षा’ मिळावी म्हणून आईबाप पोटाला चिमटा घेतात. आपला ‘राग’ डोक्यात जातो, हिंदीतला गळ्यातून येतो. परंतु तिथे दोन्ही अर्थ संस्कृतपर्यंत नेऊन दाखवता येत होते. युरोपातील भाषांबाबत माझे ज्ञान तोकडे आहे, म्हणून तीन गोष्टी विचारतो. इंग्रजी, जर्मन आणि स्वीडिश या एकाच कुळातील भाषा आहेत असे वाचले आहे. मग हे तीन अर्थ एकाच शब्दाचे आहेत की केवळ दिसण्यात साम्य आहे? एकाच शब्दाचे असतील, तर भेटीचे विष कसे झाले? आणि अशा जोड्या समोर आल्या असता कोणती खरी भावंडे आणि कोणती नुसती सारखी दिसणारी, हे सामान्य वाचकाने कसे ओळखावे? बोलणाऱ्यांच्या हलगर्जीपणामुळे शब्द बिघडत जातात, अशी माझी आजवरची समजूत होती. ती चुकीची असल्यास तसे सांगावे.

उत्तर १ | भाषाविज्ञानाचा अभ्यासक, अचलपूर, जिल्हा अमरावती

गुरुजी, नमस्कार. शब्द एकच आहे आणि तिन्ही अर्थ ‘देणे’ या एकाच क्रियेतून निघालेले आहेत. इंग्रजी ‘गिव्ह’ आणि जर्मन ‘गेबेन’ या क्रियापदांचेच ते नाम. मूळ अर्थ ‘जे दिले ते’. स्वीडिशमध्ये लिहिताना रूप तेच राहते, मात्र उच्चार ‘यिफ्त’ असा होतो.

विवाहाचा अर्थ आपल्याकडे समजावून सांगण्याची गरजच पडू नये. “तुमची मोठी मुलगी कुठे दिली?” असे आपण विचारतो आणि “मोर्शीला दिली” असे उत्तर येते, त्या वाक्यात लग्न हा शब्द कुठेही नसतो, तरी लग्नाशिवाय दुसरा अर्थ कोणी काढत नाही. स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियन या तिन्ही भाषांत ‘गिफ्ट’ म्हणजे विवाहित, तो याच वाटेने: जिला दिली गेली ती, आणि पुढे पुरुषालाही तोच शब्द लागू झाला. जुन्या इंग्रजीतही या शब्दाचा अर्थ वधूसाठी मोजलेले मूल्य असा होता, आणि त्याचे अनेकवचन विवाहासाठी वापरत. म्हणजे लग्नाचा धागा इंग्रजीतही होता, तो तुटला. आज इंग्रजीत ज्या उच्चाराने हा शब्द येतो, तो उच्चार तर स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या भाषेचा प्रभाव आहे.

आता विष. ग्रीक भाषेत ‘दोसिस’ म्हणजे देणे. आपल्या ‘दा’ धातूचा, म्हणजे दान आणि दाता या शब्दांचा, तो जवळचा नातेवाईक. वैद्याने रोग्याला एका वेळी द्यायची औषधाची मात्रा, असा त्याचा अर्थ वैद्यकात रुळला आणि लॅटिनमार्गे तो युरोपभर गेला. आपण आज ‘डोस’ म्हणतो तो हाच. जर्मन भाषकांनी त्या ‘देण्या’साठी आपला घरचा शब्द वापरला, ‘गिफ्ट’. मात्रा औषधाची असते तशी मारण्यासाठीही असते. जे उघड बोलायला जड जाते त्याला सौम्य शब्द वापरायचा, ही माणसाची जुनी सवय आहे, आणि या सवयीने ‘दिलेली मात्रा’ हळूहळू ‘विष’ झाली.

हे फार दूरचे वाटत असेल तर आपल्या कपाशीच्या वावरात उभे राहून पाहावे. आपण कपाशीवर विष फवारतो असे कोणीही म्हणत नाही. “औषध मारले” असेच म्हणतो. आणि ज्या बातमीने आपल्या भागातील गावे सुन्न होतात ती बातमीही लोक “त्याने औषध घेतले” एवढ्याच शब्दांत सांगतात. ते ऐकून तो बरा होण्यासाठी दवाखान्यात गेला असावा, असे कोणालाही वाटत नाही. पाचशे वर्षांनी एखाद्या अभ्यासकाला वऱ्हाडी बोलीत ‘औषध’ हा शब्द ‘विष’ या अर्थाने सापडला, तर तो गोंधळेल. आपण मात्र त्या बदलाच्या मधोमध जगत आहोत.

जर्मनमध्ये विषाचा अर्थ प्रबळ झाला तसा भेटीचा अर्थ मागे सरला, कारण वाढदिवसाला विष देतो असे वाटू लागल्यावर तो शब्द कोण वापरणार? भेटीसाठी ‘गेशेंक’ हा शब्द पुढे आला. गंमत अशी की ‘गेशेंक’ ज्या क्रियापदापासून बनला त्याचा जुना अर्थ पेय ओतून देणे असा आहे, तर इंग्रजीतील ‘पॉयझन’ हा शब्द लॅटिनमधील ‘पोतिओ’, म्हणजे पेय, यापासून आला आहे. एका भाषेत देण्याचे विष झाले आणि पेयाची भेट झाली. शेजारच्या भाषेत पेयाचे विष झाले आणि देण्याची भेट राहिली. जुना अर्थ जर्मनमध्ये एका जोडशब्दात मात्र अडकून राहिला आहे: ‘मिटगिफ्ट’. सोबत दिलेले, अर्थात हुंडा. विद्यार्थिनीला हा शब्द जरूर दाखवावा.

हलगर्जीपणाविषयी मात्र मी असहमत आहे. ‘दिली’ म्हणजे लग्न करून दिली, हे ज्याने पहिल्यांदा म्हटले त्याने मराठी बिघडवली नाही. ऐकणाऱ्याला प्रसंग ठाऊक होता म्हणून त्याने अर्धे वाक्य वाचवले. वाचवलेला अर्धा भाग कालांतराने शब्दातच मुरतो आणि मग तोच त्याचा अर्थ होऊन बसतो. प्रत्येक भाषेत प्रसंग वेगळे, म्हणून मुरलेला अर्थही वेगळा.

उत्तर २ | डॉक्टर, पुसद तालुका, जिल्हा यवतमाळ

माझे वैद्यकीय शिक्षण रशियात झाले, त्यामुळे जर्मन कुळाविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही. परंतु स्लाव्ह भाषांमध्ये, म्हणजे रशियन, चेक, पोलिश यांच्या कुळात, हा प्रकार इतका आहे की तिथे पाहुण्याची पावलोपावली फजिती होते. शिक्षण संपल्यावर परतण्यापूर्वी आम्ही चार मित्र प्रागला गेलो होतो. आमच्या सगळ्यांचे रशियन चांगले होते आणि चेक भाषा जवळचीच असल्याने निभावून जाईल, असा आमचा समज होता. तिथे जागोजागी मोठ्या अक्षरांत ‘पोझोर’ लिहिलेले. रशियन भाषेत या शब्दाचा अर्थ बदनामी, लाजिरवाणी गोष्ट. रेल्वेफाटकावर, रंग ओला असलेल्या भिंतीवर, खोदलेल्या रस्त्यावर, सगळीकडे ‘लाज!’ असे कोण कशाला लिहील? चेक भाषेत त्याचा अर्थ ‘सावधान, लक्ष द्या’ असा आहे. मूळ धातू पाहण्याचा. एकीकडे ‘नीट पाहा’ असे झाले, आणि दुसरीकडे ‘सगळे जण पाहत आहेत’ असे झाले. चार लोकांनी पाहणे म्हणजेच अब्रू जाणे, हे आपल्या गावात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

दुसरी फजिती पावाच्या दुकानात झाली. चेकमधील ‘चेर्स्त्वी’ पाव म्हणजे ताजा पाव. रशियनमध्ये त्याच शब्दाचा अर्थ शिळा, वाळलेला. पोलिश भाषेतही पावाच्या बाबतीत तो शिळाच आहे. दुकानदार शिळा माल इतक्या अभिमानाने पाटी लावून का विकतो, असा प्रश्न आम्हाला पडला होता. पुढे कळले की मूळ अर्थ घट्ट, कणखर असा होता. पोलिश लोक आजही धडधाकट वृद्धाला हेच विशेषण लावतात. इथे मराठी अगदी शेजारी येऊन बसते: “म्हातारा अजून टणक आहे” ही स्तुती झाली, आणि “भाकर टणक झाली” ही तक्रार. आपण दोन्ही अर्थ एकाच भाषेत सांभाळले. त्यांनी ते वाटून घेतले.

बाकीचे थोडक्यात लिहितो. रशियनमध्ये ‘रोदिना’ म्हणजे मायभूमी, चेकमध्ये ‘रोदिना’ म्हणजे कुटुंब. रशियन ‘ओवोश्ची’ भाजीपाला, चेक ‘ओवोत्से’ फळे. आणि शेतकऱ्यांच्या मंडळींसाठी खास: चेक भाषेत ‘ऊरोदा’ म्हणजे पीक, हंगामात हाती आलेले उत्पन्न, पोलिशमध्ये ‘उरोदा’ म्हणजे सौंदर्य, आणि रशियनमध्ये ‘उरोद’ म्हणजे कुरूप माणूस. तिन्हींच्या पोटात जन्माचा एकच धातू आहे. भरलेले पीक सुंदर दिसते हे खरे, पण रशियन मात्र या वाटणीत उलट्या बाजूला जाऊन उभी राहिली आहे.

गुरुजींच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. जाणकारांनी द्यावे.

उत्तर ३ | वाचक, साकोली तालुका, जिल्हा भंडारा

तिसऱ्या प्रश्नाला हात घालतो, कारण वरच्या दोन्ही उत्तरांमुळे सारखे दिसले की नाते असतेच, असा समज होण्याचा धोका मला दिसतो.

आमच्या भागात ‘बंडी’ म्हणजे बैलगाडी. पुण्याकडे बंडी म्हणजे अंगात घालायचे बिनबाह्यांचे वस्त्र. एखादा हौशी माणूस या दोहोंना जोडणारी कथा सहज रचेल: गाडीवानाने घालायची ती बंडी, वगैरे. प्रत्यक्षात गाडीची बंडी तेलुगूतही आहे, आणि अंगातल्या बंडीशी तिचा काही संबंध नाही. स्पॅनिशमध्ये ‘बुर्रो’ म्हणजे गाढव आणि इटालियनमध्ये ‘बुर्रो’ म्हणजे लोणी, हे याच जातीचे उदाहरण आहे. दोन्ही भाषा लॅटिनच्या मुली. तरी लोणी आले ते मुळात ग्रीक असलेल्या, इंग्रजी ‘बटर’च्या पूर्वजापासून, आणि गाढव आले लहान घोड्याच्या नावापासून. शब्द झिजत झिजत एका रूपाला येऊन टेकले, एवढेच.

कधी एकाच ओळीत भावंडेही असतात आणि परकाही असतो. लॅटिनमध्ये ‘सलिरे’ म्हणजे उडी मारणे. त्यावरून स्पॅनिश ‘सलिर’ म्हणजे बाहेर पडणे, आणि इटालियन ‘सलिरे’ म्हणजे वर चढणे. उडी कुठल्या दिशेने मारली एवढाच फरक. फ्रेंचमध्येही ‘सलिर’ आहे, पण त्याचा अर्थ घाण करणे असा आहे आणि तो लॅटिनमधून आलेलाच नाही; जर्मन कुळातील एका विशेषणावरून फ्रेंचने तो घडवला. रूपावर विसंबून तिघांना एका पंगतीत बसवले की चूक झालीच.

मग खूण कोणती? अर्थ जुळतो का हे आधी पाहूच नये, कारण कल्पनाशक्तीला कोणतेही दोन अर्थ जोडता येतात. ध्वनी नियमाने बदलले आहेत का, ते पाहावे. इंग्रजी ‘टेन’, डच ‘टीन’, जर्मन ‘त्सेन’, तिन्हींचा अर्थ दहा. इंग्रजी ‘टंग’, डच ‘टाँग’, जर्मन ‘त्सुंगं’, तिन्हींचा अर्थ जीभ. इंग्रजी आणि डचमध्ये सुरुवातीला ‘ट’ असेल तिथे जर्मनमध्ये ‘त्स’ येतो, हा नियम शेकडो शब्दांत दिसतो. या नियमाने इंग्रजी ‘टाउन’, डच ‘टाउन’ आणि जर्मन ‘त्साउन’ ही तिकडी तपासली तर ती खरी भावंडे ठरतात, आणि मगच अर्थांकडे वळावे: इंग्रजीत शहर, डचमध्ये घरामागची बाग, जर्मनमध्ये कुंपण.

आता या तिकडीचे कोडे सोडवायला विदर्भातल्या माणसाला कुठेही जायला नको. आमच्या घरामागे भाजीपाला लावतात ती ‘वाडी’. कोकणात वाडी म्हणजे माडपोफळीची बाग, आणि गावातल्या वस्तीलाही वाडीच म्हणतात. ‘वाडा’ म्हणजे पाटलाचे भले मोठे घर. गुजरातीत ‘वाड’ म्हणजे चक्क कुंपण. बंगालीत ‘बाडी’ म्हणजे घर. या सगळ्यांच्या मुळाशी संस्कृत ‘वाट’ आहे, त्याचा अर्थ कुंपण घालून वेगळी केलेली जागा. (रस्ता या अर्थाची आपली ‘वाट’ वेगळी, पुन्हा सारखे दिसण्याचा सापळा.) कुंपण घातले की आत काहीतरी असणारच. कोणी काटेरी फांद्यांकडे पाहून नाव दिले, कोणी आतल्या भाजीकडे पाहून, कोणी आतल्या घरांकडे पाहून. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ कुंपणातील जागा, शेतावरचे घर असाच होता. घरे वाढली आणि शब्द शहराएवढा झाला. आपल्या वाडीचे शहर झाले नाही इतकेच. नागपूरला लागून असलेली वाडी मात्र तीही अट पूर्ण करू पाहते आहे.

पुन्हा प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. हलगर्जीपणाचा मुद्दा मी मागे घेतो. ‘दिली’ हा शब्द आयुष्यभर वापरूनही त्यात लग्न दडले आहे हे माझ्या ध्यानात आले नव्हते, याची थोडी लाज वाटते. (रशियन अर्थाने पोझोर.)

ही चर्चा मी काल विद्यार्थिनीला वाचून दाखवली. ‘त्स’ आणि ‘ट’ची गोष्ट ऐकल्यावर तिने वही उलगडून आणखी एक जोडी काढली: जर्मन ‘टियर’ म्हणजे कोणताही प्राणी आणि इंग्रजी ‘डिअर’ म्हणजे हरीण. डच ‘दियर’ म्हणजेही प्राणीच. इंग्रजी ‘डे’ आणि जर्मन ‘टाग’, इंग्रजी ‘डोअर’ आणि जर्मन ‘ट्यूर’ अशी ‘ड’ आणि ‘ट’ची रांगही तिने स्वतःच लावली. त्यावर मला आपला मृग आठवला. वेदांच्या भाषेत मृग म्हणजे कोणतेही रानटी जनावर. म्हणून सिंह हा मृगेंद्र, माकड हे शाखामृग आणि कोणत्याही जनावराची शिकार ती मृगया. पुढे अर्थ आक्रसत फक्त हरणावर येऊन थांबला, अगदी इंग्रजीसारखा. इराणकडे गेलेल्या भावंडाने निराळी वाट धरली: फारसी ‘मुर्ग’ म्हणजे पक्षी, आणि तिथून आपल्या ताटातला मुर्गा. शहामृगातला मृग तर हाच फारसी पक्षी आहे. आम्ही मात्र शाळेत त्याला लांब मानेचे हरीण समजत होतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात पेरणीसाठी ज्याची वाट पाहतो तो ‘मिरग’ या सगळ्यात हरणाच्याच बाजूचा आहे, तेवढे समाधान.

एक शंका उरली आहे. ‘झे’ आणि ‘मेर’ या दोन जर्मन शब्दांनी ती वैतागली आहे. समुद्र नेमका कोणता आणि तलाव कोणता?

उत्तर १ च्या लेखकाकडून

तिचा वैताग योग्य आहे, कारण इथे जर्मन आणि डच यांनी जवळजवळ अदलाबदल केली आहे. डचमध्ये ‘झे’ म्हणजे समुद्र आणि ‘मेर’ म्हणजे तलाव. जर्मनमध्ये ‘मेर’ म्हणजे समुद्र आणि ‘झे’ म्हणजे बहुतेक वेळा तलाव. मोठे पाणी असा दोन्हींचा ढोबळ अर्थ होता. खारे कोणते आणि गोडे कोणते, हे ज्याने त्याने आपल्या प्रदेशाप्रमाणे ठरवले. आपल्याकडेही ‘सागर’ म्हणजे समुद्र, पण हैदराबादचा हुसेन सागर हा तलावच आहे.

डच भाषेतील फरक लक्षात ठेवण्यासाठी एक घटना उपयोगी पडते. नेदरलँड्समध्ये समुद्राचा एक मोठा फाटा आत शिरलेला होता आणि त्याचे नाव ‘झाउडर झे’, म्हणजे दक्षिणेचा समुद्र, असे होते. १९३२ मध्ये त्याच्या तोंडावर बांध घालून तो समुद्रापासून तोडण्यात आला, आत नदीचे गोडे पाणी साचू लागले, आणि त्याचे नाव बदलून ‘आयसेलमेर’ झाले. पाण्याची चव बदलली म्हणून नावातला ‘झे’ जाऊन ‘मेर’ आला.

जर्मनच्या बाबतीत तिने लिंगाकडे लक्ष द्यावे. पुल्लिंगी ‘डेर झे’ म्हणजे तलाव, आणि स्त्रीलिंगी ‘डी झे’ म्हणजे समुद्र. ‘बोडेनझे’ हा तलाव आहे, ‘नोर्डझे’ हा समुद्र आहे, आणि भूमध्य समुद्राला ते ‘मिटलमेर’ म्हणतात. नामासोबतचे ते छोटे उपपद वहीत नेहमी शब्दाला जोडूनच लिहायला सांगावे. नंतर वेगळे पाठ करू म्हटले की ते होत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

डॉक्टर, पुसद

एक राहिले. विद्यार्थिनीला सांबाराविषयीही सावध करून ठेवा. परदेशी जाण्याआधी ती पुण्यामुंबईत कुठे राहिली आणि भाजीवाल्याकडे “दहा रुपयांचा सांबार” मागितला, तर तो तिला उडप्याच्या हॉटेलाचा रस्ता दाखवेल. आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, दक्षिणेत डाळीचे कालवण, आणि गोव्याकडे कोकणीत मसाला. मी मुंबईत पहिल्याच आठवड्यात हे भोगले आहे.